बांधावर बारमाही फुलं : मधमाश्यांसाठी आणि आपल्या पिकासाठी



कांद्याचं बी धरणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांची एक तक्रार असते. लागवड वेळेवर झाली, खत-पाणी कमी पडलं नाही, डेंगळे जोमानं वर आले, गोंडे पांढरेशुभ्र फुलले. पण गोंडे वाळवून चोळले, तर हाती बी थोडं आणि भुसाच जास्त. मग कोणी कांद्याला दोष देतो, कोणी हवेला, कोणी खताला. यातलं काही खरंही असेल. पण एक गोष्ट पाहायची आपण विसरतो. गोंडे फुलले होते, त्या दिवसांत त्यांच्यावर माशी होती का?

कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण घटत जाते. म्हणजे एका हंगामाचं बी हुकलं, तर मागच्या वर्षीच्या कणगीतून ते भरून काढता येत नाही. पुढच्या रोपवाटिकेसाठी बी विकत आणावं लागतं, मिळेल त्या भावानं. बुलढाणा, जालना, नाशिक, अहिल्यानगर या भागांत बियाण्याचा कांदा हेच ज्यांचं मुख्य उत्पन्न, त्यांचं तर वर्षच बुडतं. म्हणून हे पत्रक. माशी आपल्या रानात का येत नाही, आणि ती कायमची राहावी म्हणून बांधावर काय लावावं, हे यात सांगितलं आहे.

माशी नेमकं काय करते?

कांद्याचा एक गोंडा म्हणजे शेकडो बारीक फुलांचा झुबका. प्रत्येक फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. पण या फुलाची एक खोड आहे. त्याचे परागकण आधी गळून जातात, आणि पराग घेणारा भाग नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग स्वतःला उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलातून यावा लागतो. कांद्याचा पराग चिकट असतो, वाऱ्यानं फारसा उडत नाही. म्हणजे तो कोणीतरी अंगावर वाहून आणला पाहिजे. हे काम माश्या करतात. त्या येतात मधाच्या रसासाठी, पण जाताना अंगाला चिकटलेला पराग पुढच्या फुलाला देऊन जातात. याला परागीभवन म्हणतात.

हाच प्रकार इतर पिकांत दिसतो. काकडी, कलिंगड, भोपळा यांत नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं. माशी आली नाही तर मादीफूल पिवळं पडून गळतं. माशी आली, पण पुरेशी आली नाही, तर काकडी वाकडी होते, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला बारीक. जिथं बी धरलं तिथं गर भरला, जिथं धरलं नाही तिथं तो राहिला. सूर्यफुलाच्या फुलात मधलं बी पोचट निघतं, त्यालाही माश्यांची कमतरता हे एक कारण असतं.

राबणारी माशी एकच नाही

आपल्याकडे मधमाश्यांच्या जाती अनेक आहेत. उंच झाडावर, कड्यावर एकच मोठं पोळं बांधते ती आग्या माशी. ती चांदण्या रात्रीसुद्धा कामाला बाहेर पडते. झाडाच्या ढोलीत, कपारीत, वारुळात एकाशेजारी एक पोळी करून राहते ती सातेरी. ही पेटीत पाळता येते. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या, खोडाच्या भेगेत राहणारी, नांगी नसलेली बारीक माशी, तिला पोया म्हणतात.

याशिवाय एकट्यानं राहणाऱ्या कितीतरी माश्या आहेत. त्यांचं पोळं नसतं, मध साठत नाही, म्हणून आपण त्यांना ओळखतच नाही. कोणी मोकळ्या जमिनीत बीळ करते, कोणी पोकळ काडीत घर करते. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाचा गोल तुकडा कातरून नेणारी माशी तुम्ही पाहिली असेल. ती पानाचं नुकसान नगण्य करते आणि तुरीच्या फुलावर काम मात्र चोख करते.

काळा भुंगा तर सर्वांच्या ओळखीचा. वांग्याच्या फुलात पराग एका बंद नळीत असतो आणि नळीच्या टोकाला बारीक भोक असतं. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, घूंऽऽ असा आवाज होतो आणि पराग बाहेर पडतो. डबी हलवून मीठ भुरभुरावं तसंच हे. आपल्या सातेरीला ही युक्ती जमत नाही. म्हणून मधाची पेटी ठेवली की सगळं झालं, असं नाही. पीक तितकी माशी वेगळी.

माशी गेली कुठे?

आता मुद्द्याची गोष्ट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला बियाण्याचा कांदा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फुलतो. महिनाभर माश्यांना मेजवानी. पण माशीला पोट बारा महिने असतं. उरलेले अकरा महिने ती काय खाणार?

पूर्वी बांध रुंद होते. बांधावर बोर, बाभूळ, तरवड, निर्गुडी असायची. खरिपात कारळ्याची, तिळाची एखादी पट्टी असायची. एक फूल संपलं की दुसरं उमलायचं. आता बांध नांगरून नांगरून वीतभर राहिले. जे उगवतं ते तणनाशकानं जाळलं जातं. रान एका वेळी एकाच पिकानं भरतं, ते निघालं की सगळं उजाड. मग माशी एक तर उपाशी मरते, नाही तर रान सोडून जाते. पुढच्या जानेवारीत गोंडे फुलतात तेव्हा यायला कोणी शिल्लकच नसतं. पिकाच्या फुलोऱ्यात जी माशी हवी, ती आधीचे अकरा महिने आपण जगवलेली असावी लागते. एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

देशी झाडंच का लावायची?

पहिलं कारण, ती आपल्या पावसावर जगतात. एक-दोन उन्हाळे सांभाळली की पुढं पाणी मागत नाहीत. दुसरं, आपल्या माश्यांची आणि त्यांची जुनी ओळख आहे. फूल केव्हा उमलतं, रस कुठं असतो, हे माशीला ठाऊक असतं. तिसरं, त्यांचा शेतकऱ्याला दुसराही उपयोग आहे. लिंबोळी, शेवग्याची शेंग, बोरं, करवंदं, अडुळशाचा पाला, सगळं घरात लागतं.

घाणेरीला फुलं भरपूर येतात, फुलपाखरंही जमतात. पण ती बाहेरून आलेली आहे, बघता बघता रान व्यापते आणि जनावरांनी तिचा पाला खाल्ला तर विषबाधा होते. ती बांधावर ठेवू नका. गाजर गवतही काढूनच टाका.

बारा महिन्यांचा शिधा

खाली दिलेले महिने साधारण आहेत. पाऊसमानाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे पंधरा-वीस दिवस पुढं-मागं होतात.

जून-जुलै : चिंच, खैर, बाभूळ, निर्गुडी.

ऑगस्ट-सप्टेंबर : बाभूळ, बोर, निर्गुडी, तेरडा; पिकांत तीळ.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : तरवड, कोरांटी, तुळस, रिठा, पिकांत कारळा आणि तूर.

डिसेंबर-जानेवारी : अडुळसा, शेवगा, तुळस; पिकांत ओवा.

फेब्रुवारी-मार्च : काटेसावर, पळस, करवंद, शेवगा, पिकांत बियाण्याचा कांदा आणि धने.

मार्च ते मे : कडुनिंब, जांभूळ, आवळा, करंज, बहावा.

सगळं लावायची गरज नाही. प्रत्येक ओळीतलं निदान एक तरी आपल्या शिवारात आहे की नाही, एवढं पाहा. जी ओळ रिकामी, ती आधी भरा. बहुतेक ठिकाणी रिकामी निघते ती पावसाळ्याची ओळ. झोडपणाऱ्या पावसात माशी बाहेर पडू शकत नाही, आणि उघडीप मिळते तेव्हा फुलं नसतात. म्हणून निर्गुडी, बाभूळ आणि बोर ही त्रयी महत्त्वाची.

तरवडाबद्दल दोन शब्द. माळरानावर पिवळ्या फुलांचं हे झुडूप आपण सरपणाच्या लायकीचं समजतो. पण तरवडाच्या फुलातही वांग्याप्रमाणेच पराग भोकाच्या नळीत असतो. म्हणजे बांधावर तरवड असला की भुंग्याची ये-जा राहते आणि वांग्याच्या वाफ्यालाही त्याचा फायदा मिळतो.

लागवड कशी करावी?

१. जागा ठरवा. दोन शेतकऱ्यांच्या सामाईक बांधावर उंच झाड लावू नका. सावलीवरून आणि मुळांवरून भाऊबंदकी सुरू होते. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेला पडते, हे लक्षात घ्या. मोठी झाडं नाल्याच्या कडेला, रस्त्याच्या कडेला, विहिरीजवळ किंवा पड जागेत लावा. सामाईक बांधावर तरवड, कोरांटी, तुळस अशी बुटकी झुडपं पुरेत. तीही शेजाऱ्याला विचारूनच लावा.

२. निर्गुडी आणि अडुळसा छाटांवर येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या पक्व काड्या घ्या. दोन डोळे मातीत जातील अशा बेतानं तीन-तीन फुटांवर खोचा. या दोन्हींना आणि तरवडाला शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो.

३. तरवडाचं बी टणक असतं. ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी लावा.

४. लिंबोळी ताजीच लावावी. जून-जुलैत पिकून पडलेली गोळा करा, गर धुऊन काढा आणि दोन आठवड्यांच्या आत लावा. वर्षभर ठेवलेली लिंबोळी उगवत नाही. करंजाचं बी जागेवरच टोचलं तरी चालतं. मोठ्या झाडांत वीस-पंचवीस फुटांचं अंतर ठेवा.

५. शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी लावली तरी फुटते.

६. दर खरिपात पिकाच्या कडेनं कारळ्याची किंवा तिळाची दोन तासं पेरा. मशागत निराळी लागत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते. घरामागच्या परसात तुळशीची पाच-दहा झाडं वाढू द्या. सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या माश्यांसाठी राहू द्या.

घर आणि पाणी

नुसतं जेवण देऊन पाहुणा राहत नाही, त्याला निवाराही लागतो. बांधाचा थोडा उन्हातला भाग उघडा ठेवा, तिथं नांगर-कुदळ लावू नका. जमिनीत राहणाऱ्या माश्या तिथं बिळं करतात. बांध जाळू नका. आगीत तणाबरोबर त्यांची पिल्लंही जातात. एखादं वाळलेलं खोड बांधावर पडू द्या. भुंगा घराच्या वाशांना भोकं पाडतो अशी तक्रार असते. त्याला बाहेर वाळकं लाकूड मिळालं तर तो तिकडेही घर करतो. करंगळी जाईल न जाईल अशा भोकाचे बांबूचे वीतभर तुकडे करा. एका बाजूला पेर बंद असू द्या, जुडी बांधा आणि पावसापासून आडोशाला टांगा. काडीत राहणाऱ्या माश्यांना ही तयार चाळ होते.

उन्हाळ्यात पसरट परळात पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका. खडे नसतील तर माश्या पाण्यात बुडून मरतात.

आग्या मोहोळ रानात असेल तर ते मशाल लावून जाळू नका. मध काढायचाच असेल तर जाणकाराकडून फक्त मधाचा कांदा कापून घ्या, अंड्या-पिल्लांचा भाग राहू द्या. पोळं सगळं पिळलं तर वसाहतच संपते. पायवाटेजवळच्या मोहोळाखाली धूर करू नका आणि मुलांना दगड मारू देऊ नका.

औषध मारताना

वर्षभर जगवलेली माशी एका फवाऱ्यात जाते. म्हणून हे नियम पाळा.

पीक फुलात असताना कीटकनाशक मारू नका. कांद्यावरच्या फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच करा. फुलात असताना फवारणी टाळताच आली नाही, तर तज्ज्ञाचा सल्ला घेऊन, माश्या घरी गेल्यावर, सूर्य मावळल्यानंतर करा. सकाळी मारू नका, माशी सकाळीच कामावर असते. औषधाची पूड धुरळणं तर फारच घातक, कारण पूड परागासारखी अंगाला चिकटून थेट पोळ्यात जाते. निंबोळी अर्कसुद्धा संध्याकाळीच फवारा.

डब्यावरच्या त्रिकोणाचा पुष्कळांचा गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध माणसाला किती विषारी आहे ते सांगतात. हिरवा त्रिकोण म्हणजे माशीला निर्धोक, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात मधमाश्यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, नाही तर वाचून घ्या.

आणि शेजाऱ्यांशी बोला. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चरते. तिला सात-बाराचा उतारा कळत नाही. तुम्ही जपलेली माशी शेजारच्या फवाऱ्यात मरते, आणि त्यानं जपलेली तुमच्या. चार-पाच शेतकऱ्यांनी फवारणीची वेळ आपसात ठरवली, तर एका पैचाही खर्च न येता सर्वांचा फायदा होतो.

पेट्या ठेवायच्या असतील तर

बांधावरची फुलं एका वर्षात तयार होत नाहीत. तोवर मधपाळाकडून पेट्या आणणं हा चांगला उपाय आहे. पीक शेकडा पाच ते दहा फुललं की पेट्या आणा. फार आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलांकडे वळतात आणि तिकडचीच वाट धरतात. एकरी दोन-तीन पेट्या ठेवा. वाऱ्याचा आडोसा, सकाळचं ऊन, जवळ पाणी आणि मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, एवढी काळजी घ्या. पेट्या रानात असेपर्यंत औषध बंद. फवारायचं झालं तर मधपाळाला आधी कळवा.

मधमाशी पालन शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ती खादी व ग्रामोद्योग आयोगानं १९६२ साली सुरू केली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं घरोघर सातेरी पाळली जाते, आणि जांभूळ, हिरडा यांसारख्या रानझाडांच्या फुलांवर ती पोसली जाते. झाडं आहेत म्हणून माशी आहे, आणि माशी आहे म्हणून मध आहे.

काही शंका

बांधावर झुडपं वाढवली तर कीड वाढेल का? सगळंच रान माजू दिलं तर वाढेल. पेठारीसारखं भेंडीच्या कुळातलं तण पिठ्या ढेकणाला थारा देतं, ते काढा. पण फुलांवर येणारे सगळेच कीटक शत्रू नसतात. फुलासमोर हवेत तरंगत थांबणारी पट्ट्यापट्ट्यांची माशी तुम्ही पाहिली असेल. तिची अळी मावा खाऊन जगते. मित्रकिडींनाही फुलांचा रस लागतो.

कांदा फुलात असताना जवळ दुसरी फुलं नसावीत का? हा प्रश्न रास्त आहे. कांद्याच्या फुलाचा रस माशीला फारसा आवडता नाही. शेजारी मोहरीचं किंवा धन्याचं मोठं रान फुललं असेल, तर माशी तिकडे जास्त जाते. म्हणून कांद्याच्या लगत अशी पिकं मोठ्या प्रमाणात एकाच वेळी फुलतील असं करू नका. बांधावरची थोडी फुलं मात्र माशीला धरून ठेवतात. आपला भर कांद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांवर असावा.

एका शेतकऱ्यानं करून काय होणार? एक बांध थोडाच पुरणार, हे खरं. पण शाळेचं आवार, मंदिराची जागा, ओढ्याकाठ, गायरानाची कड असे गावाचे कोपरे पुष्कळ असतात. ग्रामसभेत विषय घ्या. वृक्षारोपणाला दरवर्षी एकाच जातीची रोपं येतात. त्याऐवजी वरच्या यादीतली मागून घ्या.

स्वतः करून पाहा

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, आपल्या रानात पारख करा. कांद्याचे सारखे दिसणारे दहा गोंडे निवडा. फुलं उमलण्यापूर्वी पाच गोंड्यांवर मलमलीच्या पातळ पिशव्या सैल बांधा, पाच उघडे ठेवा. तयार झाल्यावर दोन्ही वेगवेगळे चोळा आणि बी वजन करून पाहा. जो फरक दिसेल ती माशीची मजुरी.

दुसरी पारख याहून सोपी. फुलोऱ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन पडल्यावर, रानातून सावकाश चाला. वीस गोंड्यांपाशी थोडं थोडं थांबा आणि किती गोंड्यांवर माशी दिसते ते मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा. दरवर्षी त्याच सुमारास मोजा. बांधावरची झाडं वाढतील तसा हा आकडा काय करतो ते तुमची वहीच तुम्हाला सांगेल.

या पावसाळ्याला एवढं तरी करा : निर्गुडीच्या पंचवीस काड्या, मूठभर तरवडाचं बी आणि गावठी बोराचं एक झाड. पुढच्या पावसाळ्याला आणखी थोडं. बांध वीतभर वाढवलात तर रान वीतभर कमी होईल, पण उरलेल्या रानातला गोंडा भरेल.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.